अक्षरांचा शेजारधर्म

समाजासमाजांतला स्नेह वाढावा म्हणून काढलेले भित्तीपत्रक जाहिरातीच्या भित्तीपत्रकापेक्षा करायला अवघड असते. जाहिरातीतली वस्तू दुकानात असते, तिचा भाव ठरलेला असतो आणि वाचणाऱ्याला फक्त दुकानापर्यंत जायचे असते. शेजाऱ्याशी आपुलकीने वागा असे सांगणाऱ्या कागदापाशी यातले काहीच नसते. रस्त्याने जाणारा माणूस त्याच्याकडे दोन-तीन सेकंद पाहतो. तेवढ्या वेळात मजकूर वाचता आला पाहिजे, कोण कोणाला काय सांगत आहे हे कळले पाहिजे आणि आपल्याला कोणी उपदेश पाजत नाही असा विश्वास वाटला पाहिजे. अक्षरांची उंची, जाडी, लिप्यांचा क्रम, आजूबाजूची मोकळी जागा या सगळ्यांचा त्यात वाटा असतो. मजकूर कितीही प्रेमळ असो, एखाद्या समाजाच्या लिपीला कागदावर कशी वागणूक मिळाली आहे, हे त्या समाजाच्या माणसाच्या नजरेत आधी भरते.

मोठ्या अक्षराचा जन्म मुळात बाजारासाठी झाला. शिशाचे फार मोठे खिळे जड होत, महाग पडत आणि ओतताना त्यांचा पृष्ठभाग सारखा येत नसे. 1827 मध्ये न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्सने लाकडी अक्षरे यंत्राने कोरायची पद्धत काढली आणि वीतभर उंचीची अक्षरे कोणत्याही गावच्या छापखान्याला परवडू लागली. सर्कस, लिलाव, नाटके, बोटींची वेळापत्रके हे सारे त्या अक्षरांत भिंतींवर चढले. त्यामुळे जाड, ठसठशीत अक्षर म्हणजे गावातली घोषणा, अशी पाश्चात्त्य वाचकाच्या डोळ्यांना सवय लागली.

या सवयीचा उपयोग इंग्लंडमधल्या अँथनी बरिल या चित्रकाराने केला. सुपरमार्केटच्या रांगेत एका वृद्ध स्त्रीच्या तोंडून त्याने एक वाक्य ऐकले होते: कष्ट करा आणि लोकांशी चांगले वागा. 2004 मध्ये राय या लहानशा गावातल्या जुन्या छापखान्यात लाकडी अक्षरे जुळवून त्याने ते छापून घेतले. हाच छापखाना गावातल्या कार्यक्रमांच्या जाहिरातीही छापत असे. कागदावर चित्र नाही, सजावट नाही, एकच शाई आणि झिजलेल्या लाकडामुळे कुठे दाट तर कुठे विरळ उमटलेली अक्षरे. त्या विरळपणामुळेच वाक्य एखाद्या संस्थेचे न वाटता गावातल्या कुणाचे तरी वाटते. पुढे हे भित्तीपत्रक जगभर गेले. संगणकावर हेच वाक्य गुळगुळीत अक्षरांत जुळवले असते, तर ते कार्यालयातली सूचना वाटण्याचा धोका होता.

लॉस एंजेलिसमधल्या कॉरिटा केंट यांचा मार्ग वेगळा होता. त्या कॅथलिक जोगीण होत्या आणि आपल्याच पंथाच्या महाविद्यालयात कला शिकवत. जाळीच्या कापडातून रंग ओढून छापायची, म्हणजे स्क्रीन प्रिंटिंगची पद्धत त्यांनी निवडली, कारण तिच्यात प्रती पुष्कळ निघतात आणि स्वस्तात विकता येतात. 1962 मध्ये चित्रकार अँडी वॉरहॉलची सूपच्या डब्यांची चित्रे त्याच शहरात मांडली गेली. त्यानंतर केंट यांच्या कामात दुकानातली अक्षरे उतरली: पावाच्या वेष्टनावरची, धान्याच्या खोक्यांवरची, पेट्रोल पंपावरच्या फलकांची. भूक, युद्ध, वर्णभेद आणि शेजाऱ्यावरचे प्रेम या विषयांसाठी त्यांनी ती वापरली. बायबलचे वचन चर्चच्या नक्षीदार अक्षरांत छापले, तर ते चर्चमध्ये जाणाराच वाचतो. पावाच्या वेष्टनावरचे अक्षर मात्र सगळ्या वस्तीच्या ओळखीचे असते. ते काळ्यांच्या घरातही येते, गोऱ्यांच्याही आणि मेक्सिकोहून आलेल्यांच्याही. छापील कागद चुरगळून, वाकवून, त्याचे छायाचित्र घेऊन त्यावरून त्या अक्षरे उतरवून घेत, म्हणून त्यांच्या ओळी हवेत हलल्यासारख्या दिसतात. 1968 मध्ये त्यांनी मठ सोडला. 1985 साली त्यांच्या चित्राचे 'लव्ह' हे टपाल तिकीट निघाले आणि त्याच्या कोट्यवधी प्रती खपल्या.

कोण बोलते आहे, हा प्रश्न अक्षरांच्या जोडीने मजकुरालाही विचारावा लागतो. दुसरे महायुद्ध सुरू होताना ब्रिटिश सरकारने लोकांना धीर देणारी तीन भित्तीपत्रके तयार केली. त्यांतल्या एकाचा आशय होता: तुमचे धैर्य, तुमचा आनंदीपणा, तुमचा निर्धार आम्हाला विजय मिळवून देईल. लोकांना तो झोंबला. त्रास 'तुम्ही' सोसायचा आणि विजय 'आमचा', असा त्याचा अर्थ लागला. शांत राहा आणि चालत राहा असे सांगणारे तिसरे भित्तीपत्रक तर सुमारे 25 लाख प्रती छापूनही जवळपास लावलेच गेले नाही. 2000 साली अ‍ॅल्निक गावातल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्याची प्रत सापडली, तेव्हा ते प्रसिद्ध झाले. सलोख्याच्या मजकुरात हीच चूक सहज होते. 'त्यांना सामावून घ्या' या वाक्यात घर कोणाचे आणि पाहुणा कोण, हे आधीच ठरवून टाकलेले असते.

याच्या उलट, 1968 मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात कचरा उचलणाऱ्या तेराशे कृष्णवर्णीय कामगारांनी संप केला. गाडीच्या यंत्रात चिरडून दोन सहकारी मेले, त्यातून तो उभा राहिला. त्यांच्या हातातल्या फलकांवर इंग्रजीत चारच शब्द होते, अर्थ: मी माणूस आहे. इंग्रजीतल्या 'आहे' या शब्दाखाली जाड रेघ ओढलेली होती. दुसऱ्याकडे दयेची याचना नाही, बोलणारा स्वतःच उभा राहून बोलतो आहे. आणि इतक्या मोजक्या मजकुरात कुठे जोर द्यायचा, हे त्या एका रेघेने ठरवले. रोमन लिपीत असा जोर मोठ्या (कॅपिटल) अक्षरांनीही देता येतो. देवनागरीत मोठी आणि लहान अशी दोन वेगळी अक्षररूपे नाहीत, त्यामुळे जाडी, आकार, रंग आणि अधोरेखन यांवरच भागवावे लागते. शिवाय देवनागरी अक्षर फार जाड केले की ष, क्ष, ढ यांच्या पोटातली पांढरी जागा बुजते आणि लांबून नुसता काळा ठिपका दिसतो. मराठी भित्तीपत्रकात सगळाच मजकूर अतिजाड टंकात घेण्याची पद्धत वाचनाच्या दृष्टीने तोट्याची आहे. मुख्य ओळ जाड आणि बाकीचा मजकूर मध्यम, हे प्रमाण जास्त चालते.

भित्तीपत्रक वाचून माणसे खरोखर वेगळी वागतात का, याचाही अभ्यास झाला आहे. अमेरिकेतल्या हॉटेलांमध्ये टॉवेल पुन्हा वापरण्याची विनंती करणाऱ्या पाट्यांवर मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्दिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केले. ते 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. पर्यावरण वाचवा या आवाहनापेक्षा 'याच खोलीत उतरलेल्या बहुतेक पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरला' ही माहिती जास्त परिणामकारक ठरली. याच चाल्दिनींनी ॲरिझोनातल्या राष्ट्रीय उद्यानात उलटा परिणामही पाहिला. तिथे पर्यटक अश्मीभूत लाकडाचे तुकडे उचलून नेत. 'पूर्वीच्या अनेक पर्यटकांनी तुकडे नेल्यामुळे उद्यानाची हानी झाली आहे' अशी पाटी लावल्यावर चोरी वाढली, कारण सगळेच नेतात असा निरोप वाचणाऱ्यापर्यंत पोहोचला. द्वेष किती माजला आहे हे ठळक अक्षरांत सांगणारी पत्रके तेच करतात. 'या गल्लीतली दुकाने सर्वांच्या सणाला उघडी असतात' हे खरे असेल, तर ते साधे विधान कळकळीच्या आवाहनापेक्षा उपयोगी पडते. खरे नसेल, तर छापू नये. गल्लीतल्या लोकांना ते लगेच कळते.

न्यू जर्सीतल्या 56 शाळांमधला प्रयोग याहून बोलका आहे. एलिझाबेथ पलक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला आणि 2016 मध्ये निष्कर्ष मांडले. निम्म्या शाळांमध्ये काही विद्यार्थ्यांची निवड करून भांडणे आणि छळ यांच्या विरोधातली मोहीम त्यांच्याच हाती सोपवली गेली. घोषवाक्ये, रंगीत भित्तीपत्रके, मनगटातल्या पट्ट्या हे सारे मुलांनी ठरवले आणि कोणत्या मुलांनी काय केले हे शाळेला उघडपणे माहीत होते. वर्षभरात या शाळांमधल्या भांडणांच्या शिस्तभंगाच्या तक्रारी बाकीच्या शाळांच्या तुलनेत 25 टक्क्यांनी कमी झाल्या. ज्यांच्याकडे इतर मुलांचे लक्ष असते अशी मुले गटात जितकी जास्त, तितका परिणाम मोठा होता. कागद तोच असला तरी तो कोणी लावला याला वजन असते. महाराष्ट्रात हे सूत्र भित्तीपत्रकांच्या बाहेर फार आधी वापरले गेले. 1984 च्या दंगलीने होरपळलेल्या भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी 1988 पासून मोहल्ला समित्या बांधल्या. त्यांत त्याच वस्तीतले हिंदू आणि मुसलमान एकत्र बसत आणि लहान कुरबुरी तिथेच मिटत. 1992-93 मध्ये मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. सलोख्याच्या पत्रकाखाली नाव कोणाचे असावे, या प्रश्नाला अशा समित्यांहून चांगले उत्तर सापडणे कठीण आहे.

ऑस्ट्रेलियातल्या पीटर ड्रू या कलाकाराचे काम या क्षेत्रात सर्वांत विचारपूर्वक केलेल्या कामांपैकी आहे. 2015 मध्ये समुद्रमार्गे येणाऱ्या निर्वासितांवरून तिथे कडवट वाद चालू होता. ड्रूने 'खरे ऑस्ट्रेलियन स्वागत करतात' अशा आशयाची हजार भित्तीपत्रके हाताने छापली आणि शहराशहरांत फिरून खळीने भिंतींवर चिकटवली. पुढच्या वर्षी त्याने राष्ट्रीय अभिलेखागारातली जुनी छायाचित्रे हाती घेतली. त्यांच्यामागचा इतिहास असा: 1901 च्या कायद्याने ऑस्ट्रेलियात येऊ पाहणाऱ्याला श्रुतलेखनाची परीक्षा घालता येई. अधिकारी निवडेल त्या युरोपीय भाषेतले 50 शब्द लिहून दाखवायचे. नको असलेल्या माणसाला त्याला न येणारी भाषा दिली जाई. आशियातून आलेले जे लोक आधीच तिथे राहत होते, त्यांना मायदेशी जाऊन परत यायचे असल्यास परीक्षेतून सूट देणारा दाखला घ्यावा लागे. त्यावर समोरून आणि बाजूने काढलेली छायाचित्रे असत आणि हाताचा ठसाही. ही परीक्षा 1958 मध्ये रद्द झाली.

अशाच एका दाखल्यावर मोंगा खान या हिंदुस्थानातून गेलेल्या फेरीवाल्याचे छायाचित्र होते. डोक्याला फेटा, दाढी, नजर सरळ समोर. ड्रूने ते मोठे केले आणि त्याच्याखाली एकच शब्द छापला: ऑसी. ऑस्ट्रेलियन माणूस स्वतःला आणि आपल्या लोकांना प्रेमाने याच शब्दाने ओळखतो. अक्षरे जाड, साधी, कोणत्याही वळणाशिवायची. 'हाही आपलाच' असे समजावणे नाही, उद्गारचिन्ह नाही, संस्थेचे बोधचिन्ह नाही. चेहरा आणि शब्द यांची सांगड घालायचे काम पाहणाऱ्यावर सोडले आहे. एका शब्दाला इतकी मोकळी जागा देण्याचे धाडस सलोख्याच्या प्रचारात क्वचित दिसते. बहुतेक पत्रकांवर हात मिळवलेली माणसे, कबुतर, इंद्रधनुष्य आणि आठ ओळींचा मजकूर एकाच वेळी दाटीवाटीने उभे असतात.

एका भाषेच्या वस्तीत इतके पुरते. अनेक भाषांच्या वस्तीत मात्र लिप्यांचा प्रश्न येतो. व्हर्जिनियातल्या हॅरिसनबर्ग शहरात 2015 मध्ये इमॅन्युएल मेनोनाइट चर्चने आपल्या दाराशी हाताने रंगवलेला फलक उभा केला: तुम्ही कुठूनही आलेले असा, तुम्ही आमचे शेजारी आहात याचा आम्हाला आनंद आहे. तो स्पॅनिश, इंग्रजी आणि अरबी या तीन भाषांत होता आणि प्रत्येक भाषेला वेगळ्या रंगाची पट्टी होती. 2016 नंतर छापील प्रती देशभर घरांसमोरच्या अंगणात दिसू लागल्या. त्याच सुमारास शिकागोच्या नॉर्थ पार्क वस्तीतून द्वेषाला इथे घर नाही असे सांगणारा फलक निघाला. इंग्रजी, उर्दू, हिब्रू, कोरियन, अरबी आणि स्पॅनिश या भाषा त्यावर होत्या, कारण तिथल्या शाळेत जाणाऱ्या मुलांच्या घरी त्या बोलल्या जात. भाषांची निवड त्या वस्तीत कोण राहते यावरून झाली, म्हणून फलक त्या वस्तीला आपला वाटला.

लिप्या शेजारी ठेवताना पहिली अडचण मापाची. संगणकावर दोन्ही लिप्यांना एकच आकडा दिला, तरी त्या डोळ्यांना सारख्या दिसत नाहीत. टंकाचे माप वर-खाली जाणाऱ्या भागांसकट धरले जाते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार लागतात, म्हणून मुख्य अक्षराच्या वाट्याला कमी उंची येते आणि शेजारचे रोमन अक्षर थोराड दिसते. अरबीचेही तसेच होते. अनुभवी आरेखक आकडा बाजूला ठेवून अक्षरांची दिसणारी उंची जुळवतात, मग रेघांची जाडी जुळवतात, आणि कागद हातभर लांब धरून राखाडी छटा सारखी येते का ते पाहतात. इंग्रजी फलकांसाठी दहा फुटांवरून वाचायला एक इंच उंची हा ढोबळ हिशेब वापरतात. देवनागरीसाठी तो शिरोरेषा ते पाय इतक्या अंतराला लावावा आणि वर थोडी भर घालावी.

उर्दूचा प्रश्न आणखी नाजूक आहे. उर्दू वाचकाची सवय नस्तालिक वळणाची असते. त्यात शब्द उजवीकडून डावीकडे उतरत जातो, म्हणून ओळीला उंची जास्त लागते. मुंबईचे 'इन्किलाब' हे उर्दू दैनिक वाचणाऱ्या माणसाला नस्ख वळणातली उर्दू वाचता येते, पण ती परकी, अरबी वाटते. तीन ओळींच्या पट्ट्या समान उंचीच्या आखल्या की नस्तालिक एकतर चेपली जाते किंवा फार लहान होते. तिला उंच पट्टी देणे हाच न्याय्य उपाय. डावी-उजवी दिशाही सांभाळावी लागते: मराठी ओळ डाव्या कडेला, उर्दू उजव्या कडेला, किंवा दोन्ही मधल्या एका उभ्या अक्षाला टेकवून.

सर्वांत बोचणारी चूक अक्षरे तुटण्याची. आरेखनाच्या काही प्रणालींत अरबी किंवा भारतीय लिप्यांची सोय चालू नसली, की मजकूर डकवताच मोडतो. 'मरहबा' या अरबी स्वागतशब्दाची अक्षरे एकमेकांपासून सुटी होतात आणि डावीकडून उजवीकडे उलटी लागतात. देवनागरीत 'विश्वास'मधली पहिली वेलांटी व-च्या मागे जाऊन बसते आणि 'स्नेह'मधला जोडलेला स पाय मोडून एकटा पडतो. इंग्रजी ओळ मात्र निर्दोष असते. अशी पत्रके विमानतळांपासून रुग्णालयांपर्यंत लागलेली दिसतात. ज्याचे स्वागत करायचे त्याच्याच भाषेत मजकूर वाचता येत नाही, आणि छापण्यापूर्वी त्या भाषेच्या एकाही माणसाला तो दाखवला नव्हता हे त्याला उघड दिसते. ही चूक टाळायला खर्च येत नाही. छपाईला जाणारी अंतिम प्रत, भाषांतराचा कागद नव्हे, ती लिपी रोज वाचणाऱ्या व्यक्तीकडून वाचून घ्यायची.

क्रमावरून होणारी कुरकुर भारताने एका ठिकाणी साध्या युक्तीने टाळली आहे. नोटेच्या मागच्या बाजूच्या पट्टीत 15 भाषांमधली किंमत एकाखाली एक छापलेली असते, ती भाषांच्या इंग्रजी नावांच्या वर्णक्रमाने: असमिया सर्वांत वर, उर्दू सर्वांत खाली, मराठी मध्ये. कोणाला मोठेपणा नाही, सर्वांना एकच माप. अक्षरांच्या घाटातही असा समभाव साधता येतो. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने 'बालू' हा टंक भारतातल्या अनेक लिप्यांसाठी एकाच घाटात घडवला आणि विनामूल्य उपलब्ध केला. गुजरातीच्या टंकाच्या नावात 'भाई', तमिळमध्ये 'तंबी', मल्याळममध्ये 'चेट्टन', गुरुमुखीत 'पाजी', उर्दू-अरबीत 'भाईजान' असे त्या त्या भाषेतले भावाचे नाव जोडलेले आहे. घाट एक असला तरी कोणत्याही लिपीला रोमनच्या साच्यात कोंबलेले नाही, हे या कामाचे खरे मोल. वस्तीतल्या मंडळाला चार लिप्यांत पत्रक काढायचे असेल, तर आज जुळणारी अक्षरे फुकट मिळतात.

दोन लिप्या एकाच अक्षरात आणण्याचा प्रयत्नही झाला आहे. हैफा शहरातल्या लिरॉन लावी तुर्केनिच यांच्या लक्षात आले की रस्त्यावरच्या पाट्यांवरची अरबी आपल्या नजरेला पडतच नाही. एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच नेत्रतज्ज्ञ एमिल जावाल यांनी दाखवले होते की रोमन अक्षरे वरच्या अर्ध्या भागावरूनही ओळखता येतात. तुर्केनिच यांना अरबीतही तसेच आढळले, तर हिब्रू खालच्या अर्ध्या भागावरून ओळखता येत होती. दोन्ही लिप्या उजवीकडूनच वाचतात. मग त्यांनी वर अरबी आणि खाली हिब्रू अशी 'अरावरीत' नावाची अक्षरमाला रचली. 29 अरबी आणि 22 हिब्रू अक्षरांच्या जोड्या म्हणजे 638 आकार. प्रत्येक वाचक आपला अर्धा भाग वाचतो, पण दुसरा अर्धा त्याला झाकता येत नाही. लांब मजकुरासाठी ही लिपी चालत नाही. एखाद-दोन शब्दांच्या फलकालाच ती शोभते. तिथल्या जमिनीवरचा संघर्ष अक्षरांनी मिटणारा नाही, आणि अशा सुंदर कामाचा वापर तो झाकायला होऊ शकतो, ही शंकाही रास्त आहे.

पत्रक तयार झाल्यावर जागेचा विचार उरतो. महाराष्ट्रात 1995 च्या मालमत्ता विरूपण प्रतिबंधक कायद्यामुळे सार्वजनिक भिंतीवर परवानगीशिवाय कागद चिकटवणे गुन्हा आहे. त्यामुळे दुकानाची काच, शाळेचा व्हरांडा, सोसायटीचा सूचनाफलक, वाचनालय, रिक्षाची मागची बाजू या जागा मालकाला विचारून घ्याव्या लागतात, आणि होकार देणारा माणूस आपोआप त्या मजकुराचा साक्षीदार होतो. बाहेर लावायच्या कागदासाठी शाई निवडताना उन्हाचा हिशेब करतात. पिवळी आणि किरमिजी शाई लवकर उडते, काजळीपासूनची काळी सर्वांत जास्त टिकते. रंग उडाल्यावरही वाचता यावीत म्हणून सर्व भाषांतल्या मुख्य ओळी काळ्याच ठेवतात. एक भाषा काळ्यात आणि दुसरी पिवळ्यात छापली, तर एका उन्हाळ्यानंतर कागदावर एकच भाषा उरते. पावसाळ्यासाठी थोड्या जादा प्रती छापून राखून ठेवतात, आणि फाटलेले पत्रक बदलण्याची जबाबदारी जागेच्या जवळ राहणाऱ्या कुणावर तरी सोपवतात.